हात लावायचा नाही

मुकादमाच्या वाट्याला आलेली माणसं म्हणजे बाकीच्या दोन मुकादमांनी निवडून झाल्यावर तळाशी उरलेली. यात नशिबाचा काही संबंध नव्हता, पद्धतच तशी होती. लोकांचं घरसामान हलवून देण्याचा तो धंदा. तीन ट्रक, तीन मुकादम. हंगाम सुरू व्हायच्या आधी मालक सगळ्या माणसांना गोदामात उभं करायचा आणि म्हणायचा, घ्या निवडून. पहिल्या ट्रकचा मुकादम आपली चारही माणसं आधी उचलायचा, मग दुसरा उचलायचा, आणि मग जे काय उरेल ते आपल्या मुकादमाचं. आपला शेवटी का, तर तो मालकाचा साडू. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. नातेवाइकाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणायला नको, म्हणून मालक दर वर्षी माप दुसऱ्या बाजूला झुकवायचा. हे नातं नसतं तर मी आज पहिल्या ट्रकवर असतो, असं मुकादम म्हणायचा. पण घरी, आणि तेही बायको आंघोळीला गेली की.

त्या वर्षीचा माल तर विचारूच नका.

एक होता ट्रॅक्टर. हे त्याचं नाव नव्हे, पण त्याला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारलेली ऐकिवात नाही. कपडे धुण्याचं यंत्र एकटा पाठीवर घेऊन तीन मजले उतरायचा आणि खाली आल्यावर विचारायचा, "अजून काही?" पण त्याच्या हातात बशी दिली की ती गेलीच. मुद्दाम नाही करायचा बिचारा. त्याच्या बोटांना लहान वस्तू कळतच नव्हत्या. दुसऱ्या होत्या बाई. आयुष्य काचसामानाच्या दुकानात भांडी बांधून देण्यात गेलेलं. दुकान बंद पडलं म्हणून इथे आलेल्या. कागद, पुठ्ठा आणि टेप हाताशी असेल तर पाण्याचा थेंबसुद्धा बांधून देतील, पण भरलेली बादली उचलली की कंबर धरून खाली बसायच्या. तिसरा वकील. हा वकील नव्हता, विमा विकायचा, आणि तिथूनही त्याला नारळ मिळाला होता. तोंड अखंड चालू, हात कायमचे बंद. आणि चौथा ड्रायव्हर, वयाने मुकादमाहून मोठा, ज्याला गाडीतून खाली उतरणं म्हणजे मानहानी वाटायची. "माझं लायसन गाडी हाकायचं आहे," तो म्हणायचा, "ओझी वाहायचं नाही."

त्यात मालकाचा नियम, की सगळ्यांनी सगळं करायचं. पाळीपाळीने बांधा, पाळीपाळीने उचला, पाळीपाळीने ट्रकमध्ये लावा. अशाने म्हणे माणूस तयार होतो. माणूस तयार होईल तेव्हा होईल. तोपर्यंत लोकांच्या कपबश्यांचा चुरा होत होता आणि शिव्या मुकादम खात होता. शिव्या खाऊन पोट भरलं की तो त्या चौघांना वाढायचा. त्याचा आवाज मुळातच चढा. जिन्याच्या वळणावर उभं राहून "डावीकडे, अजून डावीकडे, वर घ्या, टेकवा" असं ओरडण्यात त्याची उमर गेली होती, आणि मग तोच आवाज सगळीकडे कायम झाला होता. घरी मीठ मागितलं तरी शेजाऱ्यांना कळायचं.

हंगामाच्या सुरुवातीलाच एका अरुंद जिन्याच्या घरात त्याच्या सहनशक्तीचा कडेलोट झाला. बांधायची पाळी ट्रॅक्टरची होती; त्याने चहाचा अख्खा संच संपवला. उचलायची पाळी बाईंची होती. त्या पुस्तकांचं खोकं घेऊन जिन्याच्या मधोमध बसल्या, त्यामुळे ना कुणाला वर जाता येई ना खाली. वकील दाराला टेकून घरमालकाला आगीच्या विम्याचे फायदे समजावून सांगत होता. आणि ड्रायव्हर खाली गाडीत रेडिओ ऐकत बसला होता. मुकादमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बास झालं!" तो ओरडला. "ट्रॅक्टर, आजपासून वाजेल अशा कुठल्याही वस्तूला तू हात लावायचा नाही. काच दिसली की चार हात लांब. तुला फक्त जड सामान. बाई, तुम्ही वजनाला हात लावायचा नाही. कागद घ्या, त्या खोलीत जाऊन बसा, आणि उठू नका. वकील, तू तर कशालाच हात लावायचा नाही. घरमालकाला घेऊन बाल्कनीत बस आणि त्याचं डोकं खा, आमचं नको." मग खिडकीतून खाली वाकून, "आणि तुम्हाला खाली उतरायचं नाहीये ना? नका उतरू! मागे ट्रकमध्ये उभे राहा आणि येईल ते सामान लावा. जमिनीला पाय लावलात तर याद राखा!"

चौघंही मान खाली घालून आपापल्या जागी गेले. मुकादमाने हे काही डोकं लढवून केलं नव्हतं. तो फक्त वैतागला होता, आणि माणूस वैतागला की समोरच्याच्या हातातलं काढून घेतो, तसं त्याने केलं.

पण दुपारनंतर त्याच्या लक्षात आलं, की बराच वेळ काही फुटलेलं नाही. खोलीत बाईंचे हात भराभर चालत होते. त्या खोक्यात काही ठेवायच्या आधी ते रिकामं हलवून बघायच्या आणि भरल्यावर कान लावून पुन्हा हलवायच्या. ट्रॅक्टर गाणं गुणगुणत कपाटं उतरवत होता. घरमालक, जो सकाळपासून "जपून, जपून" करत प्रत्येकाच्या मागे फिरत होता, तो बाल्कनीत वकिलाला आपल्या व्याह्यांच्या तक्रारी सांगण्यात इतका रंगला होता की त्याला घराचा विसरच पडला. आणि खाली ड्रायव्हर ट्रकमध्ये उभा राहून नुसत्या नजरेने सांगत होता, सोफा उभा घाल, त्याच्या पोटात खुर्च्या, फटीत गाद्या. त्या ट्रकमध्ये बोट शिरायला जागा राहिली नाही. दोन खेपांचं सामान एका खेपेत गेलं. मुकादमाने चहूकडे संशयाने पाहिलं. मग दुसऱ्या दिवशी त्याने तेच पुन्हा केलं. तोच चढा आवाज, तीच बंदी. तू याला हात लावायचा नाही, तुम्ही त्याला लावायचा नाही. वेगळ्या आवाजात ते सांगता येतं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

असा हंगाम चालला. मालकाचा नियम तिसऱ्या ट्रकवर मोडला जातोय याची मालकाला गंधवार्ता नव्हती, आणि मुकादमाने ती लागू दिली नाही.

मग ते नवरा-बायकोचं काम आलं. दोघं वेगळी होत होती. अर्धं सामान एका घरी, अर्धं दुसऱ्या घरी. असली कामं बाकीचे मुकादम घेत नसत, म्हणून ते साडूच्या गळ्यात. सकाळी पोचले तर दोघं भिंतीवरच्या घड्याळावरून हमरीतुमरीवर आलेली. वकिलाने स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोघांना समोरासमोर बसवलं, चहा स्वतः केला, आणि हे घड्याळ घेतलं कधी, कुठून, पसंत कुणी केलं, असं विचारत बसला. त्यातून तो कधी हसवायचा, कधी गप्प बसायचा. तासाभराने बायको म्हणाली, घड्याळ त्यांनाच राहू दे, मला त्याची टिकटिक कधी आवडलीच नाही. बाईंनी दोघांचं काचसामान वेगवेगळ्या रंगाच्या दोऱ्याने बांधलं. ड्रायव्हरने ट्रकमध्ये मधोमध गादीची भिंत उभी केली आणि एकाच्या घरी उतरवताना दुसऱ्याचा चमचासुद्धा हलू दिला नाही. एक ओरखडा नाही, एक शब्द वावगा नाही. रात्री त्या नवऱ्याने मालकाला फोन करून सांगितलं, की तुमची माणसं नसती तर आज आमच्यात पोलीस आले असते.

मुकादमाला त्या दिवशी भरून आलं. घरी जाताना ट्रकमध्ये चौघं शेजारी बसलेली, थकलेली, आणि त्याला वाटलं, हे माझे आहेत. कुणालाच नको असलेले, पण माझे. एवढं वाटलं आणि तोंडातून निघालं ते, "उद्या वेळेवर या. कालच्यासारखा उशीर केलात तर दार बंद असेल."

रविवारी दोन्ही बहिणींची कुटुंबं एकत्र जेवली. मालक ताटावरच म्हणाला, "साडूभाऊ, तुम्ही त्या चौघांचं केलंत काय? मला तर ती माणसं नापास वाटली होती."

आता मुकादमाने मूग गिळून गप्प बसायला हवं होतं. बायकोने टेबलाखालून पायसुद्धा मारला. पण सगळा हंगाम दाबून ठेवलेलं कौतुक होतं ते, त्याला वाट मिळाली. तो बोलला, हात वाळेपर्यंत बोलला. बाईंची बोटं कशी चालतात, ट्रॅक्टरच्या पाठीला जिन्याची प्रत्येक पायरी कशी ठाऊक असते, वकील रडणाऱ्या माणसापाशी कसा बसतो, ड्रायव्हरच्या डोळ्यांत कसं माप आहे. प्रत्येकाचं वेगळं काढून दाखवलं. कुणाला काय द्यायचं आणि कुणाला काय द्यायचं नाही, हे सांगितलं. मालक मन लावून ऐकत होता. मध्येच त्याने विचारलं, "म्हणजे एकेक माणूस एकेका कामात पक्का आहे, असंच ना?" आणि मुकादम अभिमानाने म्हणाला, "अगदी असंच."

सोमवारी सकाळी गोदामात मालकाने जाहीर केलं. बाई पहिल्या ट्रकवर जातील, तिथे काचा फुटतात. ट्रॅक्टर दुसऱ्या ट्रकवर. वकील आणि ड्रायव्हर पहिल्यावर. चांगली माणसं एकाच ठिकाणी साचून काय कामाची, सगळीकडे वाटली की सगळे ट्रक चांगले होतील. आणि तिसऱ्या ट्रकवर त्यांच्या बदल्यात चौघं, सगळं काम येणारी, सरळ माणसं.

मुकादमाने मालकाला बाजूला ओढलं. "अहो, ती वेगवेगळी काही नाहीत! एकत्र आहेत म्हणून चालतात. त्या बाईंना तिकडे पाळीने उचलायला लावाल. ट्रॅक्टरला कपबश्या द्याल."

"नियम सगळ्यांना सारखा, साडूभाऊ. तुमच्या ट्रकला वेगळा केला तर लोक काय म्हणतील?"

"लोक गेले खड्ड्यात! ही टोळी मोडू नका. हात जोडतो."

मालकाने मान खाजवली. त्याचा स्वभाव वाईट नव्हता, फक्त त्याला सगळं न्याय्य दिसायला हवं असायचं. "ठीक आहे," तो म्हणाला. "त्यांनाच विचारू. एकाने जरी म्हटलं इथेच राहायचंय, तर नाही मोडत. झालं?"

मुकादमाच्या जिवात जीव आला. एकाने? चौघंही बोलतील. त्याने त्यांना तयारसुद्धा केलं नाही, गरजच काय? चौघं समोर उभी राहिली, मुकादम मालकाच्या शेजारी. मालकाने विचारलं, ट्रक बदलायला कुणाची काही हरकत?

ट्रॅक्टरने मुकादमाकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "चालेल."

बाई म्हणाल्या, "जाते की."

ड्रायव्हरने खांदे उडवले. गाडी ती गाडी, म्हणाला.

आता उरला वकील, जो कुठल्याही प्रश्नाला अर्ध्या तासाच्या आत उत्तर देत नसे. मुकादमाने त्याच्याकडे डोळे लावले. वकील म्हणाला, "माझी तयारी आहे," आणि गप्प झाला.

मालकाने हात पसरले, की बघा बुवा. मुकादम ट्रकमध्ये जाऊन बसला आणि दार इतक्या जोरात आपटलं की गोदामाच्या पत्र्यावरचे पारवे उडाले.

घरी त्याने भांडी आपटली, चपला भिरकावल्या. "कृतघ्न! एकजात कृतघ्न! मी त्यांच्यासाठी मालकाशी भांडलो. ज्यांना कुत्रं विचारत नव्हतं त्यांना माणसात आणलं. आणि एक तोंड उघडेल तर शपथ!"

बायको धुतलेले कपडे घडी करत होती. "त्यांना माहीत होतं का?"

"काय?"

"की तुम्हाला ती हवी आहेत म्हणून."

"सांगायला कशाला हवं? दिसत नाही माणसाला? मी त्यांच्याकडून कामं कशी करून घेतो, त्यावरून कळत नाही?"

"तुम्ही गप्प जेवलात की भाजी चांगली झाली, आणि बोललात की बिघडली. हे कळायला मला संसाराची निम्मी वर्षं लागली," ती म्हणाली. "त्यांना एक हंगाम मिळाला."

"तुझं आपलं काहीतरीच," म्हणून मुकादम बाहेर जाऊन उभा राहिला. बायकोच्या बोलण्यात तथ्य वाटलं की तो नेहमी बाहेर जाऊन उभा राहायचा.

नवीन चौघं खरोखरच सरळ होती. सगळं करायची, सगळं ठीकठाक करायची. त्यांच्यावर ओरडायलासुद्धा काही सापडत नसे, आणि मुकादमाला दिवस खायला उठायचा. इकडून तिकडून कानावर यायचं. ट्रॅक्टरला पाळीने काचेचं कपाट धरायला दिलं. आता तो गोदामात झाडू मारतो. वकिलाला पहिल्या ट्रकवर ओझ्याला लावलं, तो आठवडाभरात घरी बसला. ड्रायव्हर पुन्हा रेडिओ ऐकायला लागला होता. मालक एकदा तोंड वाकडं करून म्हणाला, "साडूभाऊ, तुम्ही फारच चढवून सांगितलं होतंत हो." मुकादमाने दातओठ खाल्ले. काय सांगणार? सांगून काय होतं ते त्याने एकदा पाहिलं होतं.

एका दुमजली घराचं मोठं काम निघालं, म्हणून पहिला आणि तिसरा ट्रक एकत्र पाठवले. मुकादम खुर्ची घेऊन जिना उतरत होता, तर मधल्या वळणावर खिडकीपाशी बाई. समोर पुरुषभर उंचीचा आरसा, नुकताच बांधून झालेला. बाईंच्या कमरेला रुंद पट्टा होता.

"हे काय?" मुकादमाने विचारलं.

"कंबर धरलीय. उचलते ना आता. पाळी येते ती येते."

मुकादमाचा इतक्या दिवसांचा राग उसळून आला. "मग गेलात कशाला? मालकाने विचारलं तेव्हा एक शब्द बोलला असतात तर काय जीभ झडली असती? चौघांपैकी एकानेही म्हणू नये, इथेच राहायचंय म्हणून?"

बाईंनी टेपचं रीळ खाली ठेवलं. त्यांना खरंच नवल वाटलेलं दिसलं. "मुकादम, आम्हाला वाटलं तुम्हीच सांगितलंय, यांना घेऊन जा म्हणून. तुम्ही तिथे मालकांच्या शेजारीच उभे होतात."

"मी सांगेन?"

"मग काय समजायचं? रोज सकाळी उठून तेच. हात लावायचा नाही, हात लावायचा नाही. शाळेत खोडी काढली की वर्गाबाहेर काढतात ना, तसं आम्ही सगळा हंगाम होतो. ट्रॅक्टर तर घरी मुलीला सांगायचा नाही, की मला कप उचलायची बंदी आहे. लाज वाटायची त्याला. मालक दुसरीकडे पाठवतो म्हणाले, तेव्हा वाटलं, चला, शिक्षा संपली."

मुकादमाने खुर्ची खाली ठेवली. "शिक्षा नव्हती ती, बाई," तो म्हणाला. "अहो, मालकापुढे तासभर तुमचं कौतुक केलं मी. तुमच्यासारखं बांधणारं माणूस मी जन्मात पाहिलं नाही म्हणालो."

"असं?" बाई म्हणाल्या. त्यांना ते खरं वाटलं नव्हतं, पण त्या माणसाला उगाच दुखवायला नको असा त्यांचा चेहरा झाला. त्या पुन्हा टेप शोधायला लागल्या.

आता नाही तर कधीच नाही, असं मुकादमाला वाटलं. त्याने आरशाकडे नीट पाहिलं. चारही कोपऱ्यांना पुठ्ठ्याची टोपी, मध्ये आडवी पट्टी, कागदाला एक सुरकुती नाही. या खेपेला सांगायचंच म्हणून त्याने जोर लावला, आणि आवाज नेहमीपेक्षाही मोठा निघाला.

"फार छान बांधलाय हो आरसा!"

बाईंचा हात जागच्या जागी थांबला. चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्या झटकन गुडघ्यावर बसल्या. "कुठे?" त्या म्हणाल्या. "कुठे गेला तडा?"

"तडा नाही गेला! छान झालाय म्हणतोय!"

"तेच विचारते, कुठे?" त्यांनी खालच्या कोपऱ्याची टेप सोलायला सुरुवात केली होती. साऱ्या हंगामात मुकादमाच्या तोंडून छान हा शब्द त्यांनी ऐकला होता तो फक्त फुटक्या वस्तूंवर. फुटलेली बरणी बघून छान, खुर्चीचा मोडलेला पाय बघून वा, सुंदर. "सरळ सांगा ना, मुकादम. मालक माझ्या पगारातून धरतील. कुठे दिसला तुम्हाला?"

"बाई, देवाशपथ, काही झालेलं नाही!"

त्या शपथेचाही उपयोग झाला नाही. त्यांनी चारही टोप्या काढल्या, कागद उलगडला, आरसा खिडकीच्या उजेडाकडे कलता केला आणि वरपासून खालपर्यंत बोट फिरवून पाहिलं. तो अखंड होता. खालून पहिल्या ट्रकचा मुकादम ओरडला, किती वेळ लावता, इथे सगळे खोळंबलेत. आले आले, म्हणत बाईंनी नवा कागद घेतला आणि पहिल्या कोपऱ्यापासून पुन्हा बांधायला लागल्या. कमरेत कळ आली तशा मध्येच थांबल्या, आणि पुन्हा वाकल्या.

मुकादमाने टेपचं रीळ उचलून त्यांच्यापुढे धरलं.